वहीत नसलेली व्हिजिट

चिठ्ठी अजून माझ्या फाइलमध्ये आहे. पाठकोऱ्या कागदाचा तुकडा आणि त्यावर निळ्या पेनाने घाईघाईत लिहिलेलं: ‘आजोबा. बरं वाटत नाही. घरी बोलावलंय. सरांना सांगणे.’ वेळ नाही, फोन नंबर नाही. पत्ताही नाही, कारण पत्ता सगळ्यांनाच पाठ होता. सकाळी दहाच्या सुमारास लिहिलेली ही चिठ्ठी दिवसभर केसपेपरांच्या गठ्ठ्याखाली पडून राहिली. संध्याकाळची ओपीडी आटोपून मोठे डॉक्टर निघाले, तेव्हा कुठे ती त्यांच्या हातात पडली. पावणेनऊ वाजून गेले होते.

आजोबा अंथरुणाला खिळलेले, कायमची लघवीची नळी घातलेली. डॉक्टर पोहोचले तेव्हा पलंगाला लटकवलेली पिशवी कोरडी होती. पोट टणक, हात लावला की ते कळवळत होते. दुपारपासून चादर ओढत होते आणि असंबद्ध बोलत होते. घरच्यांना वाटलं वयामुळे बरळतायत, आणि लघवी नाही म्हणजे आज पाणी कमी प्यायले असतील. नळी आतून तुंबली होती. ती बदलायला हवी होती, पण डॉक्टरांच्या बॅगेत स्टेथोस्कोप होता, बीपीचं मशीन होतं, चार इंजेक्शनं होती आणि नळी नव्हती. ‘बरं वाटत नाही’ एवढंच माहीत असेल तर कॅथेटर कोण घेऊन जाईल? डॉक्टर उलट पावली दवाखान्यात आले, कुलूप उघडलं, १६ नंबरची नळी शोधली आणि परत गेले. दहाच्या पुढे पिशवी भरायला लागली आणि आजोबा शांत झोपले.

कायमचं नुकसान झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा मला फोन आला, “तुम्ही ते अपॉइंटमेंटचं बघता ना? एकदा येऊन बसा आमच्याकडे.”

माझं काम तेच. दवाखान्यांच्या कामाची घडी बसवून द्यायची. हा दवाखाना दोन डॉक्टरांचा: मोठे डॉक्टर आणि धाकट्या डॉक्टर, दोघेही फॅमिली फिजिशियन. एक सिस्टर, काउंटरवर एक ताई. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास. काउंटरमागच्या स्टुलावर मी दोन आठवडे वही घेऊन बसलो. कोण किती वाजता आलं, किती वाजता आत गेलं, किती वाजता बाहेर पडलं, फोन किती वाजला, फोनवर काय विचारलं आणि काय विचारलं नाही, एवढंच टिपत होतो.

बसायच्या आधी चौघांनीही मला दुखण्याचं एकच कारण सांगितलं होतं: पेशंट वेळ पाळत नाहीत. वहीत नेमकं उलटं निघालं. बहुतेक लोक दिलेल्या वेळेच्या आधीच येऊन बसत होते. उशीर पहिल्या पेशंटपाशीच होत होता. मोठे डॉक्टर ज्या दिवशी ओपीडीआधी कुणाकडे व्हिजिटला जात, त्या दिवशी पहिला नंबर तीस-चाळीस मिनिटं उशिरा आत जाई, आणि तो उशीर शेवटच्या पेशंटपर्यंत जसाच्या तसा उतरत जाई. व्हिजिट कुठेच लिहिलेली नसे. लोक डॉक्टरांच्या मोबाइलवर थेट फोन करत, डॉक्टर “येतो” म्हणत, ताईंना काही पत्ता नसे. वेटिंगमधल्या माणसांना ताई “सर निघालेत, पोचतीलच” असं सांगत. पहिल्या दिवशी मी हे वाक्य पंधरा मिनिटांत चार वेळा ऐकलं. ताईंच्या आवाजावरून कळत होतं की त्यांचाही त्यावर विश्वास नव्हता.

अपॉइंटमेंटचा गोंधळ आणि व्हिजिटचा गोंधळ ही दोन दुखणी आहेत असं सगळे धरून चालले होते. माझ्या मते दुखणं एकच होतं. व्हिजिट ही डॉक्टरांनी केलेली मेहरबानी समजली जात होती, काम नव्हे, आणि काम नाही म्हणून तिला वहीत जागा नव्हती. पण वेळ तर ती खातच होती. जाऊन-येऊन अर्धा तास आणि पेशंटपाशी वीस मिनिटं धरली तर एका व्हिजिटचे पन्नास मिनिटं होतात, म्हणजे दहा-दहा मिनिटांच्या पाच अपॉइंटमेंट. वहीत नसलेली व्हिजिट वहीतल्या पाच माणसांच्या वेळेतून जात होती.

आता थोडं रांगेच्या गणिताबद्दल, कारण पुढे केलेले बदल त्यावरच उभे आहेत.

१९५२ साली इंग्लंडमध्ये वेल्च आणि बेली या दोघांनी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातल्या रांगांचा अभ्यास केला होता. त्यांचा नियम सोपा आहे. सुरुवातीच्या वेळेला दोन पेशंट बोलवा, त्यानंतर एका पेशंटला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने एकेक. दोघांपैकी एक आला नाही किंवा लवकर आटोपला तर डॉक्टर रिकामे बसत नाहीत, आणि बाकीच्यांना तासन्‌तास ताटकळावं लागत नाही. या दवाखान्यात काय चालायचं? ताई ‘सहा ते साडेसहा’ अशी अर्ध्या तासाची वेळ एकाच वेळी सहा जणांना देत. अर्ध्या तासात दहा मिनिटांचे पेशंट बसतात तीन. उरलेले तीन पुढच्या अर्ध्या तासातल्या सहांच्या डोक्यावर. सात वाजेपर्यंत काय होतं हे सांगायला गणित लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त पटवावी लागली. धाकट्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की एकही मिनिट रिकामं जाता कामा नये, सगळे स्लॉट भरलेले हवेत. ऐकायला बरोबर वाटतं. पण माणसं आपापल्या मर्जीने येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त होत असेल, तर डॉक्टरांचा ८० टक्के वेळ भरला की रांगेतलं सरासरी थांबणं तपासणीच्या वेळेच्या चौपट होतं, आणि ९० टक्के भरला की नऊपट. दहा मिनिटांच्या तपासणीसाठी चाळीस मिनिटांवरून थेट नव्वद मिनिटं. अपॉइंटमेंटमुळे येण्याला थोडी शिस्त येते, त्यामुळे प्रत्यक्षात इतकं टोक गाठलं जात नाही. पण चढ तसाच असतो, शेवटच्या थोड्या टक्क्यांतच सगळा त्रास दडलेला असतो. रिकामा ठेवलेला स्लॉट वाया जात नाही. तो बाकीच्यांची वाट पाहणं कमी करायला खर्च होतो.

तिसरी गोष्ट ताईंना फार आवडली. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे: थांबलेली माणसं म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचं थांबणं. तासाला सहा पेशंट आत जात असतील आणि बाकावर बारा पेशंट असतील, तर आत्ता आलेल्याला साधारण दोन तास. फक्त सोबत आलेली माणसं मोजायची नाहीत, नाहीतर एका आजींबरोबर चार जण येतात आणि हिशोब कोलमडतो. दुसऱ्या दिवसापासून ताई “पोचतीलच” म्हणायच्या बंद झाल्या. बाकावर नजर फिरवायच्या आणि सांगायच्या, “पाऊण तास लागेल, बाहेर जाऊन येणार असाल तर या.” लोक चिडले नाहीत. आकडा मिळाला की माणूस बराच वेळ थांबायला तयार होतो. ताटकळत ठेवलेला माणूस चिडतो.

आता व्हिजिट. मी वही मागे नेली आणि मोठ्या डॉक्टरांना गेल्या महिन्यातल्या व्हिजिट आठवून सांगायला लावल्या. यादी तयार झाली तेव्हा तेही जरा गप्प झाले. यादीतली बरीच माणसं चालत दवाखान्यात येऊ शकली असती. त्यांच्याकडे डॉक्टरांचा मोबाइल नंबर होता, एवढाच फरक. उलट सिस्टरना माहीत असलेले तीन पेशंट, पाठीला अंथरुणाचे व्रण पडलेले, यादीत नव्हतेच. त्यांच्या घरचे कधी फोनच करत नसत. “सरांना कशाला त्रास?” ब्रिटनमधल्या वेल्समधले एक फॅमिली डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहून ठेवलंय की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथे कमी मिळते. एका दवाखान्याच्या एका महिन्यात ते इतकं उघड दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

बदल फोनपासून सुरू केले. आजोबांच्या दिवशी ताईंनी काय विचारलं होतं? काहीच नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांना कुणी विचारायला सांगितलंच नव्हतं. “मी काय डॉक्टर आहे का विचारायला?” असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच आहे. ताईंनी निदान करायचं नाही. त्यांनी ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तर जसंच्या तसं लिहायचं आणि शंका आली की सिस्टरना फोन द्यायचा. प्रश्न आम्ही चौघांनी बसून एका पानावर लिहिले. कधीपासून? कालच्यापेक्षा आज जास्त आहे का? माणूस नेहमीसारखा बोलतोय ना? चालतोय का, उठून बसतोय का? नळी, टाके, जखम, ऑक्सिजन असं काही लावलेलं आहे का?

शेवटच्या प्रश्नाला ‘नळी आहे’ असं उत्तर आलं की पुढचे प्रश्न वेगळे, आणि ते सिस्टरनी स्वतः सांगून लिहून घेतले. पिशवीत शेवटची लघवी कधी दिसली? नळी अंगाखाली दबली आहे का, कुठे दुमडली आहे का? पिशवी पोटापेक्षा खाली लटकतेय ना? शौचाला कधी झाली होती? कारण साठलेल्या मळाच्या दाबानेही नळी वाहायची थांबते. पोट फुगलंय का, दुखतंय का? यातले दोन-तीन दोष घरचीच माणसं फोनवर ऐकून दुरुस्त करू शकतात. पिशवी अंथरुणावर ठेवल्यामुळे लघवी पुढे सरकत नव्हती, असं पुढे एकदा खरोखर निघालं. सिस्टरना घराबाहेर पडावंच लागलं नाही.

पानाच्या वरच्या बाजूला लाल शाईने आणखी एक चौकट होती, आणि सगळ्यात जास्त वाद तिच्यावर झाला. छातीत दाब किंवा दुखणं, दम लागून बोलता न येणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, हात-पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं. यातलं काहीही ऐकलं तर व्हिजिट द्यायची नाही. ‘डॉक्टर येईपर्यंत थांबा’ म्हणायचं नाही. सरळ अँब्युलन्स आणि मोठं रुग्णालय. मोठे डॉक्टर म्हणाले, “पेशंट मला घरी बोलावतोय आणि माझी ताई त्याला नाही म्हणणार?” धाकट्या डॉक्टरांनी उत्तर दिलं. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन करावा लागतो. आपण बॅग घेऊन गेलो तर तिथे जाऊन फक्त ‘रुग्णालयात न्या’ एवढंच सांगणार आणि जाण्यातला वेळ वाया घालवणार. मोठे डॉक्टर काही बोलले नाहीत. चौकट राहिली. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर स्लॉट शोधत बसायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन द्यायचा, हे धाकट्या डॉक्टरांनी हाताने खाली जोडलं.

फोनवर तक्रार विचारणं लोकांना आवडत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. “तुम्हाला कशाला सांगू? डॉक्टरांना सांगेन.” वेटिंगमधली माणसं कान टवकारून बसलेली असतात, तिथे ताईंनी मोठ्याने तक्रार परत वाचून दाखवायची म्हणजे कहरच. मग दोन गोष्टी केल्या. फोन काउंटरवरून मागच्या खोलीत नेला. आणि ताईंनी आधी कारण सांगायचं: “किती घाई आहे ते ठरवायला डॉक्टरांनी विचारायला सांगितलंय. सांगायचं नसेल तर ‘खासगी’ लिहिते, वेळ तरीही देते.” ‘खासगी’ हा शब्द मिळाल्यावर बहुतेकांनी तक्रार आपणहून सांगायला सुरुवात केली. याचं मला अजूनही नवल वाटतं.

व्हिजिटला दिवसातली जागा दिली: सकाळची ओपीडी संपल्यावर दुपारची. अकरापर्यंत आलेल्या विनंत्या सिस्टर आणि धाकट्या डॉक्टर मिळून पाहतात. कुणी जायचं ते तिथेच ठरतं. नळी बदलणं, ड्रेसिंग, रक्ताचा नमुना, बीपी बघणं हे सिस्टरचं काम. जवळजवळची घरं एका फेरीत. आणि बॅग त्या दिवशीच्या यादीप्रमाणे भरायची, सवयीप्रमाणे नाही. वहीत प्रत्येक व्हिजिटसमोर ‘बरोबर काय न्यायचं’ असा रकाना आहे. आजोबांमुळेच तो आला.

काही गोष्टी फसल्याही. त्याच दिवशी दाखवायचं असेल त्यांच्यासाठी ‘आज’ म्हणून रोज रिकामे ठेवलेले चार स्लॉट पहिल्या आठवड्यात सकाळी नऊलाच भरून जात होते, रोज तीच तीन-चार माणसं ते पटकावत. त्यांना गुपित कळलं होतं: ‘तातडीचं आहे’ म्हटलं की आज. मग ‘तातडीचं’ हा शब्दच आम्ही वहीतून काढून टाकला आणि फक्त प्रश्नांची उत्तरं लिहायला लागलो. चारपैकी दोन स्लॉट अकरानंतरच उघडायचे असंही ठरवलं. अमेरिकेत कैसर पर्मनेंटे या आरोग्यसेवा संस्थेत मरे आणि टँटाऊ यांनी १९९० च्या दशकात ‘आजचं काम आजच’ अशी पद्धत बसवली होती. त्यांनी आधी साठलेली रांग उपसून काढण्यावर भर दिला होता. आम्ही तो टप्पा गाळला आणि लगेच भोगला. पुढच्या तीन आठवड्यांचे आधीच दिलेले फॉलोअप तसेच असताना ‘आज’साठी जागा उरणार कुठून? शेवटी दोन शनिवार दोघा डॉक्टरांनी जास्त बसून जुनी रांग संपवली. नुसता रिपोर्ट दाखवायला येणाऱ्यांना फोनवर सांगता येईल तेवढं फोनवर सांगितलं.

सकाळी आठला फोन लागतच नव्हता, हे दुखणं मात्र फार लवकर बरं झालं. त्या तासातले बरेच फोन फॉलोअपसाठी असायचे. लाइन लागली नाही की माणूस पुन्हा पुन्हा लावतो, त्यामुळे एकच माणूस पाच फोनसारखा वाटतो. आता डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडतानाच पुढची तारीख केसपेपरवर लिहून देतात. आदल्या दिवशी ताई एक मेसेज टाकतात. तारीख जितकी लांबची, तितके न येणारे जास्त, म्हणून महिन्यापलीकडची वेळ द्यायची नाही, त्याऐवजी ‘अमुक आठवड्यात फोन करा’ असं सांगायचं, असंही ठरलं. ते अर्धवटच पाळलं जातं.

चार महिन्यांनी मी परत जाऊन एक दिवस बसलो. पहिला पेशंट वेळेवर आत गेला. दुसरा आलाच नाही, आणि त्याने काही बिघडलं नाही. वहीत त्या दिवशीची एक नोंद अशी होती: ‘फोन १०.१५. नळी सकाळी ७ पासून कोरडी. दुमड नाही. पिशवी खाली. पोट टणक. न्यायचं: १६ नंबर, ग्लोव्हज, जेली, पिशवी. सिस्टर १०.४० ला निघाल्या.’ हे ते आजोबा नव्हते, दुसरे कुणी. ज्यांच्या पाठीला व्रण होते त्या तिघांची नावं आता दर आठवड्याच्या फेरीत आहेत. त्यांच्या घरून फोन आला नाही तरी सिस्टर जातात.

मोठ्या डॉक्टरांचा मोबाइल अजून वाजतो. त्यांनी तो नंबर कितीतरी वर्षं लोकांना दिलाय, तो परत घेता येत नाही आणि घ्यायचा त्यांचा विचारही नाही. रविवारी ते कुणाकडे तरी जाऊन येतात. सोमवारी सकाळी ताई वही पुढे करून विचारतात, “सर, काल कुठे?” डॉक्टर आधी “कुठे नाही” म्हणतात. ताई पेन हातात धरून तशाच उभ्या राहतात.